व्हॅनचा ईसीएम बदलायचाय? आधी मीटर हातात घ्या

माझ्या व्हॅनचा ईसीएम, म्हणजे इंजिनाच्या कंप्युटरचा डबा, गेलाय, असं आजवर तीन मिस्त्र्यांनी मला तीन वेळा सांगितलं. एकदा चाळीसगावला, एकदा पारोळ्याच्या पुढे रस्त्यावर आणि एकदा घराजवळच्याच गॅरेजात. तिसऱ्याने तर बोनेटच्या नावाने सीट उचलली, इंजिनाकडे नुसतं पाहिलं आणि निकाल दिला, "हिना कंप्युटर गया, भो." प्रत्यक्षात तीनपैकी एकदाच तो गेलेला होता. एकदा अर्थच्या, म्हणजे बॅटरीच्या मायनसशी जोडणाऱ्या वायरच्या, बोल्टखाली रंग होता आणि एकदा गॅस किटच्या वायरिंगमध्ये घोळ होता. जेव्हा खरोखर गेला, तेव्हा मी घाईत दुसरा आणून बसवला आणि दोन दिवसांत तोही जाळला.

म्हणून हा लेख बदलण्याबद्दल जितका आहे, त्याहून जास्त न बदलण्याबद्दल आहे. डबा काढून दुसरा बसवायला अर्धा तास लागतो. तो खरंच गेलाय का आणि गेला असेल तर कशामुळे, हे शोधायला अख्खा रविवार लागतो.

कोणत्या गाडीबद्दल बोलतोय

आपल्याकडे जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांत जुनी व्हॅन म्हणजे बहुतेक वेळा ओम्नी, नाहीतर ईको. शाळेची मुलं, बाजाराचा भाजीपाला, लग्नाचं सामान, पेशंट, सगळं तिच्यातूनच जातं. मारुतीची ही व्हॅन १९८४ मध्ये आली, पुढे तिचं नाव ओम्नी झालं आणि २०१९ मध्ये ती बनवणं थांबलं. सुरुवातीच्या गाड्या कार्ब्युरेटरच्या. तुमची तशी असेल तर हा लेख इथेच बाजूला ठेवा, तिच्यात इंजिनाचा कंप्युटरच नाही. नंतरच्या एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरवाल्या) ओम्नीत आणि २०१० पासूनच्या ईकोत तो आहे. बाकी जुन्या पेट्रोल व्हॅनलाही पुढचं बहुतेक सगळं लागू पडतं. डिझेलचं गणित वेगळं, ते इथे घेत नाही.

ईसीएम म्हणजे पत्र्याचा किंवा ॲल्युमिनियमचा चपटा डबा. तो सेन्सरकडून माहिती घेतो: इंजिन किती फिरतंय, किती तापलंय, हवा किती येतेय, ॲक्सिलरेटर किती दाबलाय. त्यावरून कोणत्या क्षणी पेट्रोल फवारणारं कोणतं इंजेक्टर किती वेळ उघडायचं आणि ठिणगी कधी टाकायची, हे ठरवतो. त्याला स्वतःला लागतं फारच थोडं. चांगला १२ व्होल्टचा सप्लाय, चांगली अर्थ आणि खरं बोलणारे सेन्सर. यातलं एक बिघडलं तरी गाडी अगदी तशीच वागते, जशी डबा गेल्यावर वागते. दोष त्याच्या माथी येतो तो यामुळेच. तो दिसत नाही, सहज उघडून बघता येत नाही आणि मिस्त्रीला हात काळे करावे लागत नाहीत.

जवळ काय हवं

डिजिटल मल्टिमीटर हवाच. महागातला नको, पण सेल ताजा असू द्या. १० चा पाना, स्क्रू ड्रायव्हर, पॉलिश पेपर, कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे, टॉर्च, घरातला केस वाळवायचा ड्रायर आणि एक वही. गाडीला स्टिअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असेल तर ब्लूटूथवाला छोटा स्कॅनर घ्या. मोबाईलवर कोड दिसतात. जुन्या ओम्नीत ही सोय नसते, तिथे कंपनीचा स्कॅनर असलेल्या माणसाकडेच जावं लागतं.

बल्बवाला टेस्ट लॅम्प मात्र सेन्सरच्या किंवा ईसीएमच्या वायरला लावू नका. हॉर्न, हेडलाईट यांच्यासाठी तो ठीक आहे. पण बल्ब जो करंट ओढतो, तो ईसीएमच्या नाजूक आउटपुटला सोसत नाही. चांगला डबा तपासता तपासता मारण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग.

पहिली पायरी: वहीत लिहा

पाना उचलण्याआधी आठवडाभर नोंद करा. गाडी बंद पडते ती गरम झाल्यावर की सकाळी थंड असताना? खड्ड्यात आदळल्यावर? धुतल्यावर? पाऊस पडल्यावर? बंद पडताना झटके देत पडते की चावी फिरवल्यासारखी एकदम? पुन्हा लगेच सुरू होते की अर्धा तास सावलीत उभी केल्यावर? डॅशबोर्डवरची इंजिनाची चेक लाईट लागते का?

चेक लाईटची एक खूण आधीच बघून ठेवा. इंजिन बंद असताना चावी ऑन केली की ती लागायलाच हवी आणि इंजिन सुरू झालं की विझायला हवी. त्याच वेळी मागच्या टाकीतल्या पेट्रोल मोटरचा दोनेक सेकंद बारीक आवाज येतो. चावी ऑन करून दिवाही नाही आणि मोटरचा आवाजही नाही, तर डब्यापर्यंत सप्लाय पोचत नाही किंवा डबाच मेलाय. आधी सप्लाय बघायचा. दिवा लागतो, मोटर वाजते, सेल्फ फिरतो पण गाडी घेत नाही, तर डबा बहुधा जिवंत आहे.

दुसरी पायरी: बॅटरी, फ्यूज, रिले

रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी सकाळी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवायला हवी. सेल्फ मारताना आकडा खाली येणारच, पण तो साडेनऊच्या खाली जात असेल तर ईसीएम मधेच बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि गाडी घेत नाही. इंजिन चालू असताना साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान हवा. १५ च्या वर गेला तर बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचा रेग्युलेटर बिघडलाय. ही गोष्ट नीट ध्यानात ठेवा, कारण असा अल्टरनेटर तसाच ठेवून नवा ईसीएम बसवणं म्हणजे त्यालाही मरायला पाठवणं.

टर्मिनलवर पांढरा-हिरवट थर असेल तर गरम पाणी आणि खायचा सोडा टाकून धुवा, घासा, आवळा. मग ईसीएमचा फ्यूज. तो डोळ्याने बघून सोडू नका, दोन्ही टोकांना मीटर लावून बघा, कारण केसाएवढी चीर दिसत नाही. मग मेन रिले, म्हणजे ईसीएमला सप्लाय देणारा विजेवरचा स्विच. शेजारी त्याच नंबरचा, तेवढ्याच पायांचा दुसरा रिले असेल तर दोघांची अदलाबदल करून बघा. फुकटची टेस्ट आहे. उन्हात तापून आतलं सोल्डर सुटलेला रिले मी स्वतः पाहिलाय. बाहेरून अगदी नवाकोरा दिसत होता.

तिसरी पायरी: अर्थ

इथे थांबा आणि वेळ द्या. माझा पहिला "गेलेला ईसीएम" इथेच सापडला.

मे महिन्यातली गोष्ट. आपल्याकडे तेव्हा ४४-४५ अंश म्हणजे रोजचंच. गाडी दुपारी एकदम बंद पडायची आणि उन्हं उतरली की मुकाट सुरू व्हायची. मिस्त्रीने डबा बदलायला सांगितला, मी जुन्या बाजारातून आणला, बसवला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दीडला तीच गाडी त्याच ठिकाणी उभी. नंतर कळलं की मागच्या वर्षी डेंटिंगवाल्याने पत्रा रंगवताना अर्थच्या बोल्टखालीही रंग मारला होता. वायर बसली होती रंगावर. थंड असताना कसाबसा संपर्क राहायचा, तापला की तुटायचा.

अर्थ कंटिन्युटीने तपासायची नाही. दहापैकी एक तार शाबूत असली तरी मीटर पीप वाजवतो. ती तपासायची ती लोडवर. इंजिन चालू ठेवा, हेडलाईट आणि ब्लोअर लावा. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून काळी सुई बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर आणि लाल सुई ईसीएमच्या अर्थच्या वायरवर, कपलरच्या (वायरींच्या प्लगच्या) मागच्या बाजूने अलगद सरकवून. ०.१ व्होल्टच्या खाली आलं तर अर्थ चांगली. ०.२ च्या वर गेलं तर वाटेत कुठेतरी घाण आहे. गाडी सुरूच होत नसेल तर हेच मोजमाप सेल्फ मारताना घ्या. मग लाल सुई इंजिनाच्या ब्लॉकवर ठेवा, मग बॉडीच्या पत्र्यावर. जिथे आकडा उडी मारतो, त्याच्या मागचा जोड दोषी.

बॅटरीपासून बॉडीला एक, इंजिनापासून बॉडीला एक आणि वायरिंगच्या अर्थचे एक-दोन बोल्ट, असे तीन-चार जोड असतात. प्रत्येक सोडवा, रिंग आणि पत्रा दोन्ही पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासा, आवळा आणि वरून थोडं ग्रीस लावा. ग्रीस आवळल्यावर, आधी नाही. इंजिन ते बॉडी पट्टी हिरवी पडली असेल तर बदलूनच टाका.

चौथी पायरी: उंदीर

हसू नका. कापसाच्या घरात, कडब्याच्या गंजीशेजारी किंवा केळीच्या बागेजवळ गाडी उभी राहत असेल तर वायरिंग आधी बघा. व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली, रात्री ऊबदार, वर सीटचं छत. उंदराला यापेक्षा चांगलं घर कुठे मिळणार? सीट उचला, हार्नेसवरची (वायरींच्या जुडग्यावरची) टेप हाताने चाचपत जा, कुरतडलेली जागा बोटाला कळते. इंजिन चालू ठेवून वायरिंग जागोजाग हलवून बघा. एखाद्या जागी हात लावताच इंजिन मिसिंग करतं किंवा बंद पडतं, तर काम झालं. तुटलेली वायर पिळून टेप मारू नका. सोल्डर करा आणि वर हीट श्रिंक चढवा.

पाचवी पायरी: पाच व्होल्ट

ईसीएम काही सेन्सरना स्वतःकडून ५ व्होल्ट पुरवतो. थ्रॉटलचा सेन्सर, हवेच्या दाबाचा मॅप सेन्सर असे काही जण त्या एकाच लाईनवर बसलेले असतात. त्यातला एक आतून शॉर्ट झाला की लाईन खाली बसते, सगळे सेन्सर एकदम खोटं बोलायला लागतात आणि डबाच मेल्यासारखं वाटतं.

थ्रॉटल सेन्सरचा कपलर काढा, चावी ऑन, तीन पिनांपैकी एकीवर अर्थच्या हिशेबाने ५ व्होल्ट यायला हवेत. आले तर उत्तम. नाही आले तर मीटर तिथेच लावून ठेवा आणि बाकीच्या सेन्सरचे कपलर एकेक करून काढत जा. एखादा काढताच मीटरवर ५ उमटले, तर तोच सेन्सर बदला. सगळे काढूनही शून्यच, आणि सप्लाय व अर्थ चांगली, आणि वायरही कुठे घासलेली नाही, तर आता संशय डब्यावर घ्यायला हरकत नाही.

सेल्फ फिरतो पण गाडी घेत नाही, स्कॅनरवर सेल्फ मारताना आरपीएम शून्यच दिसतो, तर क्रँकचा सेन्सर किंवा त्याची वायर बघा. इंजिन फिरतंय हेच ईसीएमला कळलं नाही तर तो ना पेट्रोल सोडत ना ठिणगी. हा सेन्सरही गरम झाला की मरतो आणि थंड झाला की जिवंत होतो. त्यामुळे "गरम झाली की बंद" या एकाच तक्रारीवर डब्याला फाशी देऊ नका.

सहावी पायरी: इंजेक्टर आणि कॉइल

हाच तो धडा जो मला दोन डब्यांना पडला.

खरा ईसीएम गेला तेव्हा लक्षण असं होतं: तीन सिलिंडरपैकी एक कायमचं मिसिंग. प्लग बदलला, काही फरक नाही. सीट उचलून लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजेक्टरवर आणि मूठ कानाला लावली. दोन टिकटिक करत होते, तिसरा गप्प. त्या इंजेक्टरच्या वायरीवर ईसीएमकडून इशाराच येत नव्हता, म्हणजे आतला ट्रान्झिस्टर जळालेला. इथवर निदान बरोबर होतं. मी दुसरा डबा आणला, बसवला, गाडी मस्त चालली. एरंडोलला जाऊन आलो. तिसऱ्या दिवशी सकाळी तेच सिलिंडर पुन्हा गप्प.

आता कुठे इंजेक्टर मोजला. दोघांचा रेझिस्टन्स १३ ओहमच्या आसपास आणि तिसऱ्याचा ४. आतलं वेटोळं शॉर्ट झालं होतं. रेझिस्टन्स तिसऱ्या हिश्शावर आला म्हणजे करंट तिप्पट. तो त्या ट्रान्झिस्टरमधून जात होता, आणि मी नवा ट्रान्झिस्टर आणून त्याच्या तोंडी दिला.

तेव्हा डबा खरंच गेलाय असं वाटलं की खरेदीआधी हे मोजा. बॅटरीचा मायनस काढा, इंजेक्टरचे कपलर काढा, मीटर ओहमवर. या प्रकारच्या इंजेक्टरमध्ये साधारण १२ ते १६ ओहम येतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सगळे एकमेकांच्या जवळपास हवेत. एखादा फटकून वागत असेल तर तो आधी बदला. ठिणगीची कॉइल, आयडलचा व्हॉल्व्ह, रिलेची कॉइल यांचीही अशीच तपासणी. ज्या गाडीत एकापेक्षा जास्त कॉइल आहेत, तिथे त्या एकमेकींशी ताडून बघा. आणि ओहम मोजताना ईसीएम जोडलेला नको. मीटरचा आकडा तर चुकतोच, वर धोका वेगळा.

गॅस किट असेल तर

आपल्याकडच्या निम्म्या व्हॅनना सीएनजी किंवा एलपीजी असेल असं माझं नुसतं नजरेनं बांधलेलं मत. बाहेरून बसवलेल्या सिक्वेन्शियल किटचा स्वतःचा वेगळा ईसीएम असतो. तो पेट्रोल इंजेक्टरच्या वायरी मधेच तोडून स्वतःमधून नेतो, म्हणजे गॅसवर असताना पेट्रोल बंद ठेवता येतं. हे जोड जर पिळून-टेपून केलेले असतील, तर गाडी गॅसवर छान आणि पेट्रोलवर मिसिंग, किंवा नेमकं उलट. माझ्या दुसऱ्या "गेलेल्या" ईसीएमचं रहस्य हेच होतं.

किटवाल्याकडे बायपासचा कपलर असतो. तो लावून गाडी निव्वळ पेट्रोलच्या मूळ वायरिंगवर चालवून बघा. बरी चालली तर भांडण किटशी आहे. वायरिंगपर्यंत हात घाला, पण गॅसच्या पाईपला, रिड्यूसरला, टाकीच्या व्हॉल्व्हला स्वतः हात लावू नका. ते काम अधिकृत फिटरचंच.

स्कॅनर काय सांगतो, किती ऐकायचं

पी०६०१, पी०६०५, पी०६०६ हे कोड ईसीएमच्या स्वतःच्या आतल्या बिघाडाचे. ते पुसूनही पुन्हा पुन्हा येत असतील आणि सप्लाय-अर्थ स्वच्छ असेल तर डबा गेल्याचा हा चांगला पुरावा. पी०६०३ मात्र फसवा आहे. नुसती बॅटरी काढून लावली तरी येऊ शकतो. पी०५६२ म्हणजे व्होल्टेज कमी, मग परत दुसऱ्या पायरीवर जा. एकाच वेळी पाच-सहा सेन्सरचे कोड आले, तर पाच-सहा सेन्सर एकदम मेलेले नसतात. अर्थ किंवा ५ व्होल्टची लाईन बघा.

शेवटची परीक्षा: ऊन दाखवा

सगळं बरोबर निघालं आणि गाडी तरीही गरम झाली की बंद पडते, तर थंड सकाळी इंजिन चालू ठेवा आणि हेअर ड्रायरने फक्त ईसीएमचा डबा तापवा. हाताला चटका बसेल इतपत, प्लास्टिक वितळेल इतकं नाही. इंजिन डगमगलं किंवा बंद पडलं, आणि डबा गार झाल्यावर पुन्हा नीट चाललं, तर आता नक्की. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने डब्यावर हलकं टिचकारूनही बघा. तेवढ्याने फरक पडला तर आत सोल्डर सुटलंय.

डबा स्क्रूने बंद असेल तर काढून उघडा. जळका वास, काळा डाग, हिरवी बुरशी, फुगलेला किंवा पाझरलेला कपॅसिटर, यातलं काही दिसेल. आत जेल भरलेलं असेल किंवा डबा गोंदाने चिकटवलेला असेल तर उकरू नका.

दुरुस्त, जुना की नवा

कपॅसिटर पाझरलाय किंवा सोल्डर सुटलंय एवढंच असेल तर दुरुस्ती सर्वांत शहाणपणाची. ईसीएम दुरुस्त करणारे लोक आता जिल्ह्याच्या ठिकाणी मिळतात. कपॅसिटर १०५ अंशांचा, तेवढ्याच मायक्रोफॅरडचा आणि तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचा बसवायला सांगा. ८५ अंशांचा स्वस्तातला बसवला तर आपल्या उन्हाळ्यात तो किती टिकेल, ते तुम्हीच बघा. स्वतःचाच डबा दुरुस्त होऊन आला तर नंबर जुळवायचा आणि चावी जुळवायचा प्रश्नच येत नाही.

जुना घ्यायचा असेल तर स्टिकरवरचा नंबर अख्खा जुळला पाहिजे. सुझुकीच्या ईसीएमचा पार्ट नंबर ३३९२० ने सुरू होतो. पण हे पहिले आकडे सगळ्यांचेच सारखे असतात. त्यापुढचे आकडे-अक्षरं इंजिन, मॉडेल आणि एमिशनचा टप्पा ठरवतात. "ओम्नीचाच आहे, बसतो" असं दुकानदार म्हणेल. कपलर बसतोही. पण पेट्रोलचं माप दुसऱ्या इंजिनाचं असतं, मग गाडी काळा धूर काढते, नाहीतर पीयूसीत नापास होते. स्टिकरचा फोटो मोबाईलमध्ये घेऊनच दुकानात जा. चालला नाही तर परत, हे बिलावर लिहून घ्या. तोंडी शब्द जळगावची अजिंठा चौफुली ओलांडेपर्यंतच टिकतो.

नवा सर्वांत महाग आणि जुन्या मॉडेलला मिळायलाही वेळ लागतो. शाळेची गाडी असेल, मुलं बसणार असतील, आणि बोर्ड खरोखर जळालेला असेल, तर मी नव्याच्या बाजूचा आहे.

आणि चावीचा मुद्दा. डॅशबोर्डवर चावीचं किंवा कुलपाचं चित्र असलेला दिवा असेल तर गाडीत इमोबिलायझर आहे. चावीतल्या चिपची ओळख डब्यात साठवलेली असते. दुसरा डबा लावला की तो तुमची चावी ओळखत नाही, गाडी घेत नाही, आणि तुम्ही म्हणता हाही खराब निघाला. एकतर स्कॅनरने चावी नव्या डब्याशी जुळवून घ्यायची, नाहीतर जाणकाराकडून जुन्या डब्याच्या मेमरीतला डेटा नव्यात उतरवून घ्यायचा. दोन्हीला जुना डबा लागू शकतो, म्हणून तो एक्स्चेंजमध्ये देऊन मोकळे होऊ नका.

प्रत्यक्ष बदलताना

सावलीत उभी करा. चावी काढून खिशात. आधी बॅटरीचा मायनस काढा आणि पाच-दहा मिनिटं थांबा, एक चहा होतो. डब्याची जागा मॉडेलप्रमाणे बदलते, डॅशबोर्डखाली किंवा सीटखाली. जाड हार्नेस जिकडे जातो तिकडे जा. काढण्याआधी कपलरचे, वायरींचे आणि बोल्टचे फोटो घ्या.

डब्याला हात लावण्याआधी बॉडीच्या उघड्या लोखंडाला हात लावा, अंगातली स्टॅटिक उतरते. कपलरचं लॉक दाबून किंवा लिव्हर फिरवून कपलर धरून काढा, वायर धरून ओढू नका. मग टॉर्च मारून कपलरच्या आत बघा. हिरवी पिन, वाकलेली पिन, मागे सरकलेली पिन, पाण्याचा ओघळ. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि पूर्ण वाळू द्या. पाण्याचा ओघळ दिसला तर पाणी येतं कुठून ते आधी शोधा. काचेचं रबर, ग्रोमेट, नाहीतर गाडी धुणाऱ्याचा प्रेशर पाईप.

नवा डबा मूळच्याच ब्रॅकेटवर, मूळच्याच बोल्टने बसवा. काही गाड्यांत डब्याच्या अंगाला अर्थ त्या बोल्टमधूनच मिळते. डबल टेपने कुठेतरी चिकटवून ठेवलेला ईसीएम बघितला की मला मिस्त्रीचा नंबर डिलीट करावासा वाटतो. कपलर 'टक्' आवाज येईपर्यंत दाबा. सगळ्यात शेवटी बॅटरीचा मायनस.

चावी ऑन करा, सेल्फ मारू नका. चेक लाईट लागली? मोटर वाजली? बंद करा. असं दोनतीनदा. मग सुरू करा. पहिल्या मिनिटात रेस वरखाली होईल, घाबरू नका. डबा नवा असला किंवा बॅटरी काढलेली असली की त्याला आयडल आणि पेट्रोलचं माप नव्याने शिकावं लागतं. एसी, हेडलाईट बंद ठेवून इंजिन रेडिएटरचा फॅन दोनदा चालू-बंद होईपर्यंत आयडलवर चालू द्या. मग वीसेक किलोमीटर चालवा, थोडं गावातून, थोडं हायवेवर. तोवर निकाल देऊ नका. गॅस किट असेल तर हे सगळं आधी पेट्रोलवर.

इंजिन चालू असताना चार्जिंगचा व्होल्टेज पुन्हा एकदा मोजा. जुने कोड पुसा, दोन दिवसांनी परत वाचा. आणि पहिल्याच दिवशी कन्नडचा घाट चढायला जाऊ नका. आठवडाभर गावाच्या आसपासच फिरवा.

ज्याने तो पुन्हा मरतो

गाडीवर वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरीचा मायनस काढा, आणि शक्य असेल तर ईसीएमचा कपलरही. कॅरिअर, फूटरेस्ट, सीटचा अँगल, कितीही छोटं काम असो. दुसऱ्या गाडीवरून जंप देताना प्लस-मायनसची अदलाबदल क्षणभरही नको. ट्रॅक्टर किंवा ट्रकवरून जंप घेणार असाल तर आधी त्याची सिस्टिम २४ व्होल्टची तर नाही ना ते विचारा. इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढून "अल्टरनेटर चेक" करणारा मिस्त्री भेटला तर त्याचा हात धरा. त्या क्षणी व्होल्टेज उसळतं आणि ते थेट डब्यात जातं.

काढलेला जुना डबा प्लास्टिकच्या पिशवीत, नंबरची चिठ्ठी चिकटवून कपाटात ठेवा. आणि दरवर्षी आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास, पाऊस सुरू होण्याआधी, अर्थचे ते तीन-चार बोल्ट सोडवून घासा आणि परत आवळा. बारा-पंधरा मिनिटांचं काम आहे, सकाळी सातच्या आत उरका, नंतर पत्र्याला हात लावता येत नाही.